बंद संगणकांतून चालू संगणक



माध्यमिक शाळेच्या व्हरांड्याच्या टोकाला पुष्कळ ठिकाणी एक खोली असते. दारावर ‘संगणक कक्ष’ अशी पाटी असते आणि पाटीखाली कुलूप असते. आत प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली आठ-दहा संगणक धूळ खात पडलेले असतात. चौकशी केली असता ‘बंद आहेत’ एवढेच उत्तर मिळते. जडवस्तू संग्रह नोंदवहीत मात्र ते सर्व अनुक्रमांकासह आणि खरेदी किमतीसह विराजमान असतात. म्हणजे कागदावर शाळेजवळ दहा संगणक आहेत आणि मुलांच्या हाताशी एकही नाही. ग्रामपंचायतींच्या आणि इतर कार्यालयांच्या अडगळीतही हेच चित्र अनेकदा दिसते.

‘बंद आहे’ या दोन शब्दांचा नेमका अर्थ काय, याचा विचार सहसा होत नाही. विहिरीवरची मोटर थांबली, तर शेतकरी ती उचलून उकिरड्यावर टाकत नाही. फूट व्हॉल्व्ह गळतो आहे, की वायंडिंग जळाले आहे, की केवळ फ्यूज गेला आहे, हे तो पाहतो आणि बिघडलेला भाग तेवढा बदलतो. संगणकाच्या बाबतीत मात्र पडदा उजळला नाही, की संपूर्ण संच निकामी झाला असे मानले जाते. ही समजूत चुकीची आहे आणि ती महागात पडणारी आहे.

संगणक हे एक यंत्र नसून सात-आठ यंत्रांची मांडणी होय. घरातील विजेचे रूपांतर ३.३, ५ आणि १२ व्होल्टच्या दाबात करणारा वीजपुरवठ्याचा डबा, ज्याला कारागीर एसएमपीएस म्हणतात, सर्व भागांना जोडणारा मदरबोर्ड, आकडेमोड करणारा प्रोसेसर, चालू कामाची तात्पुरती नोंद ठेवणारी रॅमची पट्टी, माहितीचा कायम साठा ठेवणारी हार्ड डिस्क, थंडाव्यासाठी पंखा, आणि बाहेर पडदा, कळफलक व माऊस. यांपैकी महत्त्वाचा एक भाग थांबला, की सारेच थांबते. तथापि थांबलेले सर्वच भाग बिघडलेले नसतात.

समजा, एका शाळेत तीन संगणक बंद आहेत. पहिल्याचा एसएमपीएस जळाला आहे, दुसऱ्याची रॅम गेली आहे आणि तिसऱ्याचा मदरबोर्ड निकामी झाला आहे. तिसऱ्याचा एसएमपीएस पहिल्यास आणि रॅम दुसऱ्यास बसविली, तर तीन बंद संगणकांतून दोन चालू संगणक उभे राहतात. शिवाय तिसऱ्याची हार्ड डिस्क आणि पंखा पुढील अडचणीसाठी हाताशी राहतात. या कामी नवीन खरेदी एका पैचीही नाही. शासकीय यंत्रणेला येथे एक मोठी सोय आहे. शाळांना व कार्यालयांना मिळणारे संगणक बहुधा एकाच निविदेतून, एकाच बनावटीचे असे येतात. साहजिकच एकाचा भाग दुसऱ्याला बसण्याची शक्यता खाजगी घरांतील संगणकांपेक्षा येथे अधिक असते. मात्र एकाच तुकडीतील यंत्रांचा एखादा कच्चा भाग सर्वांतच एकाच सुमारास निकामी होतो, हेही ध्यानात ठेवावयास हवे. दहाही संगणकांचे एसएमपीएसच गेले असतील, तर अदलाबदलीने काही साधणार नाही. तो भाग विकतच घ्यावा लागेल.

सुट्या भागांची परंपरा

भागांची ही अदलाबदल शक्य कशी झाली, यामागे एक इतिहास आहे. १२ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेतील आयबीएम कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला. तो लवकर तयार व्हावा म्हणून कंपनीने सर्व भाग स्वतः न बनविता इंटेल कंपनीचा ८०८८ हा प्रोसेसर आणि बाजारात मिळणारे इतर अनेक भाग वापरले. संगणकात जादा कार्डे बसविण्यासाठी खाचा ठेवल्या आणि त्याच्या अंतर्गत रचनेची तांत्रिक पुस्तिकाही प्रसिद्ध केली. परिणामी इतर अनेक कारखाने त्या मापाचे भाग आणि पुढे त्या बनावटीशी जुळणारे संपूर्ण संगणक बनवू लागले. १९९५ साली इंटेलने एटीएक्स हे प्रमाण मांडले. त्यायोगे मदरबोर्डाचा आकार, स्क्रूच्या जागा आणि वीजपुरवठ्याची जोडणी यांत एकवाक्यता आली.

भारतात नोव्हेंबर १९८४ मधील संगणक धोरणाने आयातीवरील बंधने सैल केली. पुढील काळात दिल्लीचे नेहरू प्लेस, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बंगळूरचा एस. पी. रोड अशा बाजारपेठांत सुटे भाग आणून संगणक जोडून देणारे कारागीर निर्माण झाले. ‘असेंबल केलेला संगणक’ हा शब्दप्रयोग तेव्हापासून सर्वतोमुखी झाला. ज्या कौशल्याने नवे भाग जोडून नवा संगणक उभा राहिला, त्याच कौशल्याने जुने भाग जोडून जुना संगणक पुन्हा उभा राहू शकतो. कोणता भाग कोठे जुळतो, हे ओळखणे यात मुख्य आहे.

तपासणीचा क्रम

काम हाती घेताना सोप्या गोष्टीपासून आरंभ करावा. अनेक ‘बंद’ संगणक भाग न बदलताही चालू होतात. प्रथम विजेची तार, प्लग आणि पडद्याची जोडणी पाहावी. त्यानंतर वीज पूर्णपणे तोडून कॅबिनेट उघडावे आणि मऊ ब्रशाने किंवा ब्लोअरने धूळ काढावी. ब्लोअर वापरताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावी. रॅमची पट्टी काढून तिची सोनेरी टोके पांढऱ्या खोडरबराने हलकेच पुसावी आणि पट्टी पुन्हा घट्ट बसवावी. पंखा फिरतो पण पडदा काळाच राहतो, किंवा संगणक लांब बीप असा आवाज पुनःपुन्हा काढतो, तेव्हा दोष अनेकदा रॅममध्ये वा तिच्या बैठकीत असतो.

मदरबोर्डावर नाण्याच्या आकाराचा एक सेल असतो. बहुतेक ठिकाणी तो सी. आर. २०३२ या क्रमांकाचा आणि तीन व्होल्टचा असतो. तो संपला, की संगणकाचे घड्याळ मागे जाते आणि कित्येक संगणक सुरू होताना ‘एफ-१ कळ दाबा’ असा संदेश देऊन थांबतात. हा सेल घड्याळजीच्या दुकानातही मिळतो. केवळ एवढ्या कारणासाठी संगणक कोपऱ्यात ठेवला जावा, ही खेदाची गोष्ट होय.

संगणक दहा-पंधरा मिनिटे चालून आपोआप बंद पडत असेल, तर प्रोसेसर तापत असण्याचा संभव असतो. पंखा अडकलेला असतो किंवा प्रोसेसरवरील थर्मल पेस्ट वाळलेली असते. जुनी पेस्ट पुसून नवीन पेस्टचा पातळ थर द्यावा. हार्ड डिस्कमधून टक्-टक् असा आवाज येत असेल, तर तीतील आवश्यक माहिती प्रथम काढून घ्यावी आणि ती डिस्क पुढे वापरू नये. मदरबोर्डावरील लहान दंडगोलाकार कपॅसिटरांचे माथे फुगलेले किंवा गळालेले दिसले, तर तो मदरबोर्ड बाजूला काढावा. २००० सालानंतरच्या काही वर्षांत बनलेल्या पुष्कळ मदरबोर्डांत सदोष कपॅसिटर वापरले गेले होते, ही जगजाहीर गोष्ट आहे.

एवढे झाल्यावरही संगणक चालू न झाल्यास चालू संगणकातील चांगला भाग एकेक करून बंद संगणकात बसवून पाहावा. एका वेळी एकच भाग बदलावा, हा या कामातील पहिला नियम होय. एकाच वेळी दोन भाग बदलले, तर दोष कोणात होता हे कळत नाही.

काय जुळते, काय जुळत नाही

सर्वच भाग सर्वत्र बसतात असे नव्हे. रॅमच्या पिढ्या वेगवेगळ्या आहेत. डीडीआर-२ आणि डीडीआर-३ या दोन्ही पट्ट्यांना २४० टोके असली, तरी पहिलीला १.८ व्होल्ट आणि दुसरीला १.५ व्होल्ट दाब लागतो. म्हणून त्यांच्या खाचा मुद्दाम निरनिराळ्या जागी ठेवलेल्या असतात. डीडीआर-४ च्या पट्टीला २८८ टोके असून दाब १.२ व्होल्ट असतो. पट्टी सहज बसत नसेल, तर जोर लावू नये. ती त्या जागेची नाही, असे समजावे.

प्रोसेसरची बैठक, म्हणजे सॉकेट, हीदेखील पिढीगणिक बदलली. इंटेलच्या २००४ सालच्या सॉकेटमध्ये ७७५ संपर्कबिंदू होते, २०११ सालच्या सॉकेटमध्ये ११५५ आणि २०१५ सालच्या सॉकेटमध्ये ११५१. बैठक जुळली तरी मदरबोर्ड त्या प्रोसेसरला ओळखेलच असेही नाही. शिवाय सॉकेटमधील बारीक पिना किंचित धक्क्यानेही वाकतात. यास्तव निकड नसेल तर प्रोसेसरला हात लावू नये. हार्ड डिस्कच्या बाबतीत रुंद पट्टीसारखी तार असलेली जुनी आयडीई आणि अरुंद तारेची साटा, असे दोन प्रकार आढळतात. काही नामांकित कंपन्यांच्या कार्यालयीन संगणकांचे एसएमपीएस व मदरबोर्ड त्यांच्या खास मापाचे असतात. ते त्याच बनावटीच्या संगणकात बसतात, इतरत्र नाही.

सुरक्षिततेविषयी तीन गोष्टी अगत्याच्या आहेत. एसएमपीएसचा डबा कोणीही उघडू नये; प्लग काढल्यानंतरही आतील कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर दाब काही काळ राहू शकतो. काचेच्या नळीचे जुने मॉनिटरही उघडू नयेत. त्यांतील दाब हजारो व्होल्टचा असतो. तिसरी गोष्ट अंगावरील स्थिर विजेची. सुमारे तीन हजार व्होल्टपर्यंतची अशी वीज माणसाला जाणवतही नाही, परंतु तिच्या कितीतरी कमी दाबाने रॅम निकामी होऊ शकते. म्हणून अर्थिंग केलेल्या धातूला हात लावून, शक्य तर मनगटपट्टी बांधून, मगच भाग हाताळावेत.

नोंदीचा प्रश्न

तांत्रिक अडचणीपेक्षा मोठी अडचण मनातील भीतीची असते. शासकीय संगणकाचा भाग काढला, तर ‘संगणक मोडला’ असा आक्षेप लेखापरीक्षणात निघेल, या धास्तीने पुष्कळ मुख्याध्यापक आणि कर्मचारी कुलूपच पसंत करतात. ही भीती अनाठायी म्हणता येणार नाही. सार्वजनिक वस्तूचा हिशेब द्यावाच लागतो. परंतु भीतीचे उत्तर कुलूप नव्हे, नोंद हे आहे.

कॅबिनेट उघडण्यापूर्वी हमीची मुदत आणि पुरवठादाराशी असलेला देखभालीचा करार तपासावा. संगणक एखाद्या योजनेतून मिळाले असतील आणि त्यांची मालकी दुसऱ्या कार्यालयाकडे असेल, तर त्या कार्यालयाची लेखी अनुमती घ्यावी. शाळेच्या बाबतीत व्यवस्थापन समितीत, ग्रामपंचायतीच्या बाबतीत सभेत, या कामाचा ठराव करून घेणे इष्ट. त्यानंतर प्रत्येक संगणकाचा अनुक्रमांक, त्यातील दोष, काढलेला भाग, तो कोणत्या संगणकात बसविला आणि कोणत्या दिवशी, याचा तक्ता करून त्यावर जबाबदार व्यक्तींच्या स्वाक्षऱ्या घ्याव्यात. काढून ठेवलेल्या प्रत्येक भागाला ‘चांगला’, ‘खराब’ किंवा ‘तपासावयाचा’ अशी चिठ्ठी लावावी. चिठ्ठी नसलेला भाग सहा महिन्यांनी कोणाच्याच उपयोगाचा राहत नाही. शेवटी जे उरेल, त्याच्या निर्लेखनाचा प्रस्ताव सक्षम प्राधिकाऱ्याकडे याच तक्त्यासह पाठवावा.

हार्ड डिस्कच्या बाबतीत याहून अधिक दक्षता हवी. तीत विद्यार्थ्यांच्या नोंदी, ओळखपत्रांच्या प्रती, कर आकारणीच्या याद्या असू शकतात. फाईल पुसली, म्हणजे ती नाहीशी झाली असे होत नाही. तिचे केवळ अनुक्रमणिकेतील नाव जाते आणि मजकूर परत मिळविता येतो. म्हणून डिस्क दुसऱ्या संगणकात किंवा दुसऱ्या कार्यालयात जाण्यापूर्वी आवश्यक माहितीची प्रत काढून संपूर्ण डिस्कवर नव्याने लेखन करणारा प्रोग्रॅम चालवावा. बंद डिस्क भंगारात जावयाची असेल, तर ती आधी फोडून निरुपयोगी करावी.

श्रमदानातून संगणक

या कामाला संघटित रूप कसे देता येते, याचे एक उदाहरण अमेरिकेत सापडते. ओरेगॉन राज्यातील पोर्टलंड शहरात २००० साली ‘फ्री गीक’ ही संस्था स्थापन झाली. नागरिक आणि कार्यालये आपले जुने संगणक तेथे आणून देत. स्वयंसेवक ते उघडत, भागांची तपासणी व वर्गवारी करीत आणि चांगल्या भागांतून नवे संच जोडीत. काम शिकणाऱ्याने पाच संगणक जोडून द्यावेत आणि सहावा आपल्या घरी न्यावा, अशी तेथे प्रथा होती. ज्याच्याजवळ पैसा नाही, त्याला श्रमाच्या मोबदल्यात संगणकही मिळे आणि कलाही अवगत होई.

श्रमदान ही महाराष्ट्रातील खेड्यांना नवी गोष्ट नाही. गावाजवळील औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत संगणक हार्डवेअर व नेटवर्क देखभालीचा अभ्यासक्रम असेल, तर तेथील प्रशिक्षणार्थींना प्रत्यक्ष कामाची आणि शाळेला कुशल हातांची गरज एकाच वेळी भागू शकते. शाळेतील वरच्या वर्गाच्या मुलामुलींनी शिक्षकांच्या देखरेखीखाली भाग ओळखणे, धूळ काढणे, चिठ्ठ्या लावणे ही कामे करावीत. पुस्तकातील ‘संगणकाचे भाग’ हा पाठ अनेकांनी पाठ केलेला असतो. रॅमची पट्टी हातात घेतलेले विद्यार्थी मात्र विरळाच. बंद पडलेला संगणक स्वतःच्या हाताने चालू करणारी मुलगी जे शिकते, ते चित्रावरून शिकता येत नाही.

या विषयाची निकड आज वाढली आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा आधार संपला. तिच्यानंतरची विंडोज ११ ही प्रणाली जुन्या बनावटीच्या असंख्य संगणकांवर अधिकृतपणे चालत नाही. त्यामुळे सुस्थितीतील संगणकही अडगळीत जाण्याचा संभव आहे. अशा संगणकांवर मुक्त स्वरूपाची लिनक्स प्रणाली बसविता येते. सी-डॅक या भारतीय संस्थेने २००७ साली आणलेली बॉस ही लिनक्स प्रणाली त्यांपैकीच असून तीत भारतीय भाषांची सोय आहे. मुक्त प्रणालीचा आणखी एक लाभ असा, की मदरबोर्ड बदलला तरी परवान्याचा प्रश्न उद्‌भवत नाही. एखादा भाग विकत घेणे शक्य असेल, तर जुन्या हार्ड डिस्कच्या जागी लहान क्षमतेची एसएसडी घ्यावी. साटा जोडणी असलेल्या जुन्या संगणकाच्या वेगात तिच्यामुळे लक्षणीय फरक पडतो.

मर्यादाही प्रामाणिकपणे सांगावयास हव्यात. प्रत्येक संगणक वाचविण्याजोगा नसतो. केवळ ३२-बिट प्रोसेसर असलेल्या संगणकांना अनेक आधुनिक प्रणालींनी वगळले आहे. काही जुने प्रोसेसर एकटेच शंभर वॅटहून अधिक वीज खातात. असे संगणक चालू ठेवण्यात बचत नसते; त्यांतील उपयुक्त भाग काढून घ्यावेत आणि उरलेले मार्गी लावावे.

उरलेले मार्गी लावणे म्हणजे फेरीवाल्याला विकणे नव्हे. जुन्या मदरबोर्डांच्या डागात आणि काचेच्या मॉनिटरांत शिसे असते. तांब्यासाठी तारा जाळल्या, तर विषारी धूर निघतो आणि तो जाळणाऱ्याच्याच छातीत प्रथम जातो. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियमांनुसार पुनर्चक्रीकरणाचे काम नोंदणीकृत व्यावसायिकांनीच करावयाचे आहे. उरलेले भाग त्यांच्याकडेच गेले पाहिजेत. २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यापैकी केवळ २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन त्यावर प्रक्रिया झाल्याची नोंद आहे. संयुक्त राष्ट्रसंघ विद्यापीठाने २००४ साली जाहीर केलेल्या अभ्यासानुसार काचेच्या पडद्यासह एक संगणक बनविण्यासाठी किमान २४० किलो इंधन, २२ किलो रसायने आणि १५०० किलो पाणी खर्च होत असे. ज्या वस्तूपायी एवढे खर्ची पडले, ती तीन रुपयांच्या खोडरबराने चालू होते का, हे एकदा पाहण्यास हरकत नसावी.

आरंभ लहान असावा. शाळेने किंवा ग्रामपंचायतीने सुटीचा एक दिवस ठरवावा, परिसरातील जाणकार बोलवावा, ठराव व तक्ता तयार ठेवावा आणि संगणक कक्षाचे कुलूप काढावे. दहा बंद संगणकांतून सहा चालू होतील की चार, हे आधी सांगता येत नाही. चारच झाले, तरी ज्या वर्गाने आजवर संगणक केवळ आच्छादनाखाली पाहिला, त्या वर्गातील मुलांना त्याच्या कळफलकावर आपले नाव मराठीत उमटविता येईल. नोंदवहीतील आकडा आणि मुलांच्या हाती आलेले साधन यांतील अंतर तेवढ्याने कमी होईल.